नेटची शेजपाळी

पाचव्या घरातलाही डबा बंद होता.

त्या घरातल्या शिवणाऱ्या बाईनं मला हाताला धरून आत नेलं आणि भिंतीवरचा नेटचा डबा दाखवला. एकही दिवा लागलेला नव्हता. वायर खाली लोंबत होती. "मावशी, चारलाच काढली, तुमच्या डोळ्यासमोर काढली की हो," ती म्हणाली. "आमच्यावर कशाला संशय?"

खरं होतं. चार वाजता मीच उभी राहून पाचही घरांतल्या वायरी काढायला लावल्या होत्या. चार ते साडेचार आमच्या गल्लीतलं सगळं नेट एकट्या माझ्या घरमालकांना द्यायचं, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, आणि ते पाळलं जातं की नाही हे बघणं माझं काम होतं. चार वाजून दहा मिनिटांनी मालकांच्या लेकीचा लातूरहून मला फोन आला. "मावशी, बाबा अडकले. चित्र हलेनाच. कुणीतरी डबा चालू केलाय, बघा बरं." म्हणून मी चोर धरायला निघाले. रिक्षावाल्याकडं बघितलं, बंद. रिटायर हवालदाराकडं, बंद. शाळेतल्या सरांकडं, बंद. नर्सिंगच्या पोरींची खोली, बंद. आणि आता हे पाचवं.

कुणीच नेट ओढत नव्हतं. म्हणजे नेट अडकलेलं नव्हतं.

त्या उंबऱ्यावर मी किती वेळ उभी राहिले माहीत नाही. फार नसेन. पण आठवायला बसलं की तेवढाच वेळ सगळ्यात लांब वाटतो. ऊन पिवळं पडलं होतं. मशीनवर एक हिरवा परकर अर्धा शिवून पडला होता. गल्लीत कसलाच आवाज नव्हता.

मग मी चालू लागले. धावले असं म्हणणार नाही, माझे गुडघे धावायचे नाहीत. आमच्या घराच्या चौदा पायऱ्या चढून वर गेले. मालक खुर्चीत बसले होते. समोर स्टुलावर तांब्याला टेकवून उभा केलेला मोबाईल. डोळ्यांवर चष्मा, डोळे उघडे. तोंड एका बाजूनं खाली ओघळलेलं. डोक्यावर पंखा फिरत होता. मी त्यांच्या खांद्याला हात लावला, तसा मोबाईलमधून त्यांच्या लेकीचा आवाज आला, कानाशी बसून बोलल्यासारखा.

"मावशी? तुम्ही दिसून राहिल्या. तुम्ही तर हलून राहिल्या, मावशी!"

इतका स्वच्छ आवाज त्या मोबाईलमधून त्याआधी कधीच आला नव्हता.

*

गल्लीत त्यांना गेजवाले म्हणत. मी मालक म्हणायचे. मुखेडकडचं गाव सोडून मी नांदेडला आले तेव्हा विष्णुपुरीच्या वाटेवरच्या त्यांच्या घरात खालच्या दोन खोल्या मला मिळाल्या. तिथं मी अकरा वर्षं कॉलेजच्या पोरांसाठी भाकरी थापल्या. मला चौथीपर्यंतचं लिहिता-वाचता येतं. त्यांना तेवढं पुरे वाटायचं. ते म्हणायचे, आकडा वाचता आला आणि खरा सांगता आला की माणूस शिकलेलं.

पाटबंधारे खात्यात त्यांनी जन्मभर एकच काम केलं. कालव्यात एक पट्टी उभी केलेली असते, तिला गेज म्हणतात, तिच्यावर आकडे असतात. पाणी कुठल्या आकड्याला टेकलंय ते बघायचं आणि वहीत लिहायचं. सकाळी सहाला, दुपारी बाराला, संध्याकाळी सहाला. नोकरी संपली, पण खोड राहिली. गच्चीवरच्या टाकीत पट्टी. अंगणातल्या रांजणात पट्टी. एकदा मी बाजारात गेले होते, तर येऊन बघते, माझ्या पिठाच्या डब्यात आतून लाल रंगानं आकडे काढलेले.

"मला हाताला कळतं की पीठ किती हाय ते," मी म्हटलं.

"तुमाला कळतं, बाई. डब्याला कळत न्हाई."

डबा अजून माझ्याकडं आहे.

त्यांचं एक वाक्य होतं. "मुखाशी किती सोडलं ते नका सांगू. शेपटाला किती पोचलं ते सांगा." मुख म्हणजे कालव्याचं तोंड. शेपूट म्हणजे जिथं कालवा संपतो ते शेवटचं शेत. हे वाक्य ते कशालाही लावायचे. लग्नाच्या पंगतीत वाढपी भाताचं घमेलं मिरवत गेला की हे म्हणायचे, "शेपटाला पोचू दे, मग बघू." हवालदार आपल्या नोकरीतल्या गोष्टी सांगायला लागले की हे डोळे मिटून ऐकायचे आणि शेवटी विचारायचे, "ह्यातलं शेपटाला किती पोचलं?" हवालदार चिडायचे. मला मजा यायची.

दुपारी कधी वारं पडलं की ते माझ्या ओट्यावर येऊन बसायचे आणि कालव्याचं सांगायचे. कालव्याच्या भरावावर बाभळीखाली झोपायचं. डोळे मिटलेले असले तरी पाणी चालू आहे की थांबलं हे पाठीला कळायचं. "चालतं पानी आवाज करत न्हाई," ते म्हणायचे. "तुंबलं की बोलाया लागतं." मी भाकरी थापत असायचे. थापण्याचा आवाज आणि त्यांचं बोलणं ह्यात मला कधी कधी डुलकी लागायची, आणि तव्यावरची भाकरी करपायची. करपलेली ते मागून घेऊन खायचे.

*

त्यांच्या बाई उदगीरच्या. बोलायला लागल्या की थांबायच्या नाहीत. मध्येच तिकडचे कानडी शब्द टाकायच्या. ताकाला मज्जिगे म्हणायच्या आणि वर मलाच हसायच्या, की हिला साधं ताक कळत नाही. घरात त्या बोलायच्या आणि मालक मोजायचे. असं चाळीस वर्षं चाललं होतं.

एका सकाळी न्हाणीत पडल्या. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. लेक लातूरला. तिच्या घरासमोरच हातापायाचे व्यायाम घेणाऱ्या डॉक्टरीणबाई राहायच्या, म्हणून बाईंना तिकडं नेलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की ह्यांच्याशी रोज ठरल्या वेळी अर्धा तास ओळखीच्या माणसानं बोललं पाहिजे. लेक बोलली, जावई बोलले. बाई भिंतीकडं बघत पडून राहायच्या. मालकांचा आवाज आला की मात्र डोळे फिरायचे. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मालकांना बजावलं. मोबाईलवर तोंड आणि आवाज बरोबरीनं आला पाहिजे. तुटक नको. चित्र थांबतंय, आवाज मागून येतोय, असं झालं की पेशंट नाद सोडून देतो. नाद सोडला की बोलणं परत यायचं नाही.

आता कुणीही म्हणेल, मग हे लातूरला जाऊन राहिले का नाहीत? मीही म्हटलं. एसटीनं तीन-चार तासांची वाट.

लेकीला मूल नव्हतं. त्यांच्या घरात रीत होती, लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही. लग्नाला चौदा वर्षं झाली होती. चौदा वर्षांत ह्या माणसानं लेकीच्या घरी पाण्याचा घोट घेतला नाही. महिन्यातून एकदा जायचे, पिशवीत माझ्या हातच्या भाकरी आणि घरून भरलेली बाटली. बाईंच्या उशाशी दोन तास बसायचे, पायरीवर येऊन भाकरी खायची, आपलंच पाणी प्यायचं, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. लेक एकदा इथं येऊन माझ्या ओट्यावर बसून रडली. "मावशी, आईला मी रोज चमच्यानं पाजते. ते चालतं. आणि हे बाटली घेऊन येतात."

मी वर गेले आणि तोंडावर बोलले. "मालक, तुम्ही मूर्ख हाव."

"आसंन."

"बायको तिथलंच पानी पिऊन राहिली की."

"आजारी माणसाला रीत नसती."

"मग पडा तुम्हीबी आजारी."

हे मी बोलले आहे. मागं घेता येत नाही.

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. मग म्हणाले, "रीत आपल्या हातात न्हाई, बाई. नेट हाय." आणि तिथून पुढं त्यांनी सगळा जीव नेटवर लावला.

*

आमच्या गल्लीच्या तोंडाशी नेटवाल्याचं दुकान होतं. वर मोठा फ्लेक्स. एक बाई दोन्ही हात पसरून उभी, केस वाऱ्यावर, आणि खाली लालभडक अक्षरात, "शंभरची स्पीड, तुमच्या घरात!" मालकांनी तेच कनेक्शन घेतलं होतं. मोबाईलवर घड्याळासारखी तबकडी येते, काटा फिरतो आणि स्पीड दाखवतो. सरांनी त्यांना ती दाखवून दिली. झालं. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा. जुनी गेजची वही काढली. पातळीच्या रकान्यात नेटचा आकडा. पहिल्या दिवशी सात. दुसऱ्या दिवशी पाच. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलेलं मी वाचलं आहे. "आभाळ निरभ्र. वारा नाही. तरी पाच."

मोबाईलचं नेट आमच्याकडं गच्चीच्या एका कोपऱ्यात यायचं, तेही मनात आलं तर. म्हणून सगळा भरवसा ह्या वायरीवर.

वही काखेत घालून ते नेटवाल्याकडं गेले. मीही मागं गेले, मला कोथिंबीर घ्यायची होती.

नेटवाला चाळिशीचा, जाड, गोड बोलणारा. "काका, फ्लेक्स नीट वाचा. शंभरच्या फुडं बारीक अक्षरात 'पर्यंत' लिहिलंय. शंभरपर्यंत."

"धरनाच्या पाटीवरबी भरल्यावरची पातळी लिहिलेली असती," मालक म्हणाले. "पन तिच्या खाली आमी रोज खडूनं आजची लिहितो. तुमी आजची लिहा."

"असं कोण लिहितं का, काका?"

"तुमी न्हाई तर मी लिहितो."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला त्यांनी दुकानाच्या शटरवर फ्लेक्सच्या बरोबर खाली खडूनं लिहिलं, "आज सहा." नेटवाल्यानं पुसलं. त्यांनी पुन्हा लिहिलं, "आज चार." महिनाभर असं चाललं. लोक दूध आणायला जाताना आकडा बघून जायला लागले. "आज आठ हाय म्हनं," रिक्षावाला सांगायचा, जणू नदीला पाणी आलंय. शेवटी नेटवाला हात जोडून घरी आला. चहा घेतला, दोन भाकरी खाल्ल्या आणि खरं सांगितलं. तुमच्या खांबावरच्या डब्यात एकच लाइन येते, तिच्यावर सहा घरं आहेत, आणि तुमचं घर शेवटचं. दुसरी लाइन ओढायची तर वरून मंजुरी लागते, ती मिळेना. वरचे लोक मला तरी कुठं शंभर देतात?

मला वाटलं मालक आता भडकतील. पण त्यांच्या तोंडावर असं काही आलं की मी परातीतला हात थांबवला. देवळात दिवा लागल्यावर येतं तसं.

"म्हंजे आपुन शेपटाला हाव," ते म्हणाले. "आदीच सांगायचं की, लेका. मग सोपं हाय."

*

कालव्यावर शेजपाळी असते. शेजारामागून शेजार. पाणी सगळ्यांनी एकदम ओढलं की शेवटच्या शेताला चिखलही मिळत नाही. म्हणून एकाची पाळी असली की बाकीच्यांनी आपापली दारं बंद ठेवायची. आणि पाळी सुरू करायची ती शेपटाकडून, मुखाकडून नाही. आयुष्यभर बघितलेली ही रीत त्यांनी उचलून आमच्या गल्लीत आणून ठेवली. सहा घरं, प्रत्येकाला रोज आपली अर्ध्या तासाची पाळी, तेव्हा बाकीच्या पाचांनी वायर काढायची. उरलेला दिवस मोकळा. नर्सिंगच्या पोरींना सकाळी आठला अभ्यासाचं काही बघायला. सरांना संध्याकाळी सहाला शिकवणी घ्यायला. शिवणाऱ्या बाईला अकराला, ब्लाउजांच्या गळ्यांचे नवे प्रकार बघायला. स्वतःला चार ते साडेचार. दुसऱ्यांच्या पाळीत ते घड्याळ लावून वायर काढायचे आणि मांडीवर हात ठेवून बसून राहायचे.

कालव्यावर दारं उघडायला-लावायला पाटकरी असतो. इथं पाटकरीण मी. कारण मला नेट लागत नव्हतं, आणि मी कुणाला भीत नाही.

हवालदार ऐकेनात. "मी आयुष्यभर लोकांवर पाळत ठेवली. आता माझ्यावर ही भाकरीवाली ठेवणार? माझं नेट, माझी वायर. न्हाई काढत." मी दोन शब्द ऐकवले, त्यांनी चार. मालकांनी मात्र भांडण केलं नाही. चारच्या सुमाराला हवालदारांचा हात धरून त्यांना वर घेऊन गेले आणि आपल्या शेजारी बसवलं. बाकीच्या चार घरांच्या वायरी मी काढल्या होत्या.

त्यांनी काय बघितलं ते सांगते, कारण मी ते रोज बघायचे.

वाहत्या पाण्याचा वेग बघायचा तर पाण्यात लाकडाचा तुकडा सोडतात आणि तो ठरलेल्या खुणेपर्यंत जाईतो आकडे मोजतात. मालकांनी नेटचं तसंच केलं. फोन लागला की ते मोबाईलपुढं एक टाळी वाजवायचे. टाळी लातूरला पोचली की तिकडून लेकीनं हात वर करायचा. टाळी आणि हात ह्यांच्या मधले आकडे ते तोंडानं मोजायचे. "येक. दोन. तीन. चार." आणि वहीत लिहायचे. सुरुवातीला लेक हात वर करायची. मग एक दिवस टाळी वाजली, लेक काहीतरी शोधत होती, आणि पलंगावरून बाईंनी आपला डावा हात वर केला. थोडासाच, गादीपासून वीतभर. मालक मोजायचे थांबले. नंतर रोज त्याच हात वर करायच्या. टाळी. मग बराच वेळ काहीच नाही, नुसती दोघं एकमेकांकडं बघतायत. मग त्या हाताचं हळूहळू वर येणं. आकडा सहावरून चारवर आला, चारवरून तीनवर. त्यांचं सगळं बोलणं म्हणजे एवढंच होतं, आणि मालक खाली आले की चेहरा असा, की पोटभर बोलून आलेत.

हवालदार अर्ध्या तासानं खाली उतरले. माझ्याकडं बघितलंच नाही. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या दारात पोचायच्या आधी वायर काढलेली होती.

*

चारची वेळ झाली की गल्लीवर काहीतरी उतरायचं. टीव्ही बंद, गाणी बंद, मोबाईलवर बडबडणारी माणसं गप्प. लोक एकेक करून पायऱ्यांवर येऊन बसायचे, दुपारी झोपून उठल्यासारखे, आपण कुठं आहोत ते न कळून. नर्सिंगच्या पोरी एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून पडायच्या. शिवणाऱ्या बाईचा पाय मशीनवर नसून जमिनीवर हलत राहायचा. रिक्षावाल्याची बायको तुरी निवडायची आणि निवडता निवडता हात तसाच सुपात राहायचा. कुणी कुणाशी बोलायचं नाही. बोललं तरी हळू.

मला नेट म्हणजे काय ते अजून कळत नाही. पण त्या अर्ध्या तासात गल्लीतून काहीतरी वाहत आमच्या जिन्याकडं जातंय असं मला वाटायचं. पायाला लागायचं नाही, आवाज करायचं नाही. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसायचे. चुकून पाय मध्ये यायला नको म्हणून मी पाय जवळ ओढून घ्यायचे. येड्यासारखं. पण हवालदारही पाय ओढून बसलेले मी बघितले आहेत.

एवढं करूनही चित्र अडकायचं. दर एक-दोन दिवसांनी अडकायचंच. मालक अर्धं तोंड उघडं ठेवून तिकडं थांबून जायचे, बाईंचा हात इकडं अर्ध्यात थांबायचा. लेक फोन करायची, "मावशी, बाबा अडकले." मी गल्लीत निघायचे, कुणीतरी सापडायचं. नर्सिंगच्या पोरींनी हळूच डबा लावलेला असायचा, नाहीतर सरांच्या घरी पाहुणा आलेला असायचा. मी चार शब्द सुनवायचे, वायर निघायची, चित्र सुटायचं. ह्याची आम्हाला सवय झाली होती. लेकीला झाली होती, मला झाली होती.

*

त्या दिवशी तिकडं काय झालं ते लेकीनं मला नंतर सांगितलं. मी जसं ऐकलं तसं लिहिते.

चारला फोन लागला. मालकांनी टाळी वाजवली आणि त्याच क्षणी बाईंचा हात वर गेला. मोजायला एकही आकडा मिळाला नाही. मालक खुर्चीत पुढं सरकले. म्हणाले, "आगं, पोचलं! शेपटाला पोचलं बग!" आणि हसले. काय लाइन सुटली होती कुणास ठाऊक. नेटवाल्याची मंजुरी त्याच आठवड्यात आली होती म्हणतात. मग ते बाईंना तांदूळ निवडायच्या सुपाचं काहीतरी सांगू लागले, आणि शब्द अर्ध्यात राहिला.

लेक म्हणाली, "गेलं." रोज म्हणायची तसंच. पाचसहा मिनिटं वाट बघितली, मला फोन केला आणि चहा टाकायला आत गेली.

बाई मोबाईलकडं बघत होत्या. वर्षभर त्या स्वतः अशाच अडकून पडल्या होत्या. आत सगळं चालू आणि बाहेर काही नाही. अडकलेलं चित्र कसं असतं आणि अडकलेलं माणूस कसं असतं, हे त्या खोलीत त्यांच्याएवढं कुणालाच ठाऊक नव्हतं. मोबाईलमध्ये मालकांच्या मागं भिंतीवरचं कॅलेंडर दिसत होतं. पंख्याच्या वाऱ्यानं त्याचं पान उडत होतं, बसत होतं, उडत होतं.

बाईंनी डाव्या हातानं पलंगाची लोखंडी पट्टी बडवायला सुरुवात केली. लेक धावत आली. बाईंचं तोंड वाकडं-तिकडं होत होतं, आणि त्यातून शब्द बाहेर आला.

"हलतंय."

वर्षानंतरचा पहिला शब्द. लेकीनं तिथंच बसकण मारली. आईला मिठी मारली, रडली, नवऱ्याला हाका मारल्या, "आहो, आई बोलली! आई बोलली!" बाई तेच म्हणत राहिल्या, "हलतंय. हलतंय." लेक म्हणाली, "हाव आई, जीभ हलून राहिली तुझी, हाव." बाई डोकं इकडून तिकडं आपटत होत्या. लेकीला ते आनंदाचं वाटलं. चहा उतू जाऊन गॅस विझला तरी कुणाला कळलं नाही.

तेवढ्यात मोबाईलमध्ये मी आले.

*

हवालदारांनी आणि रिक्षावाल्यानं त्यांना खुर्चीसकट खाली उतरवलं. रिक्षातून दवाखान्यात नेलं. मी सोबत होते. त्यांचे डोळे उघडे होते, पण मी त्यात होते का ते मला सांगता येणार नाही.

लेक आणि जावई रात्री पोचले. लेकीनं दवाखान्यात चमच्यानं पाणी पाजायला घेतलं तर नर्सनं अडवलं, गिळता येत नाही म्हणून. ती चमचा हातात घेऊन तशीच उभी राहिली. मी तिला बसवलं. समजूत घालणं मला येत नाही.

डॉक्टरांना मी विचारलं. अर्धा तास लवकर आणलं असतं तर? ते म्हणाले, "आजी, सांगता येत नाही." मी म्हटलं, "येत नसंल तर नका सांगू, पण मी पाच दारं हिंडले हे लिहून घ्या." त्यांनी लिहिलं नाही. म्हणून मी इथं लिहिते. पहिल्या फोनला मी थेट वर जायला पाहिजे होतं. चौदाच पायऱ्या होत्या. मी नेट चोरणारा शोधत गेले, कारण अडकतं ते नेटच, असं आम्ही धरून चाललो होतो.

लेक मला कधी काही बोलली नाही. मीही तिला चहाचं काही बोलले नाही.

गल्लीत आठवडाभर चारला लोक वायरी काढत होते. मी सांगितलं नव्हतं. पायऱ्यांवर येऊन बसायचे, अर्धा तास झाला की उठून आत जायचे. मग एकदा सरांच्या घरातून चारलाच टीव्हीचा आवाज आला, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्याच घरातून.

मालक चौथ्या दिवशी सकाळी गेले. बाई लातूरलाच आहेत. आता त्या वीसेक शब्द बोलतात, त्यातले दोन-चार कानडी. लेक त्यांचं सगळं करते. त्या दुपारी त्या फोनच्या दोन टोकांना आम्ही चौघं होतो. ते, त्यांच्या बाई, त्यांची लेक आणि मी. आम्ही तिघी राहिलो.